पायलीभर आभार

साखरपुड्याच्या दिवशी होणाऱ्या सुनेनं मला एक वही दिली आणि तसलीच दुसरी माझ्या थोरल्या जावेला दिली, तिथंच माझं डोकं फिरलं. सुनेनं सासूला भेट द्यावी, हे ठीक. पण नवऱ्यामुलाला आई एकच असते, मग वह्या दोन कशाला? रंगसुद्धा एकच, मोरपंखी, वर सोनेरी फुलं आणि पान राखायला आत रेशमी दोरा.

शिवकन्या तिचं नाव. हर्सूलची मुलगी, वाळूजच्या एका कंपनीत एचआरला. तिथं म्हणे ते कामगारांना अशा वह्या वाटतात. रोज संध्याकाळी बसायचं आणि आज ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटलं अशा तीन गोष्टी लिहायच्या. मन शांत होतं, बीपी उतरतं, घरात भांडणं होत नाहीत. हे सगळं ती पुंडलिकनगरच्या आमच्या घरात, माझ्याच सोफ्यावर बसून सांगत होती, आणि 'भांडणं होत नाहीत' म्हणताना तिनं बद्रीकडं पाहिलं. म्हणजे माझ्या लेकानं घरातलं सगळं तिच्या कानावर घातलं होतं.

दर रविवारी ती चहाला येणार आणि आम्ही दोघींनी आठवड्याचं वाचून दाखवायचं, असं ठरलं. ठरवलं तिनंच. थोरलीनं वही पदरानं पुसून कपाळाला लावली. मी फ्रिजवर टाकली.

थोरली म्हणजे आवडाबाई, आणि मी धाकटी, सरू. ती आणि तिचे मालक कडूबा भावजी वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली. माझे मालक पुंजाराम पाटबंधारे खात्यात होते, ते गेले. तिच्या तिन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी आहेत. मला एकटा बद्रीनाथ. आमच्या दोघींत बोलणं कामापुरतं, आणि काम निघू नये याची काळजी दोघीही घेतो. जिन्यातला दिवा माझ्या मीटरवर आहे. तो मी दिवेलागणीला बंद करते, लावत नाही, यावरून काय ते समजा.

आता ओटीचं प्रकरण सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई एका वहीवरून तणतणतेय.

माझी पहिली दोन्ही बाळं पाळण्यातच गेली. तेव्हा आम्ही फुलंब्रीकडं गावात होतो. बद्री झाला तशी सासू धास्तावली. आमच्याकडं अशा वेळी पोर आईच्या नावावर ठेवत नाहीत. जिची लेकरं जगतात तिच्या ओटीत घालतात, म्हणजे न्यायला येणारा आईच्या दारात येतो, इथं काहीच नाही बघून परत फिरतो. थोरलीच्या पोरी ठणठणीत होत्या आणि धाकटी अजून अंगावर पीत होती. बाराव्या दिवशी सासूनं बद्रीला माझ्या मांडीवरून उचललं, थोरलीच्या पदरात टाकलं आणि म्हणाली, हे पोर तुझं. थोरलीनं त्याला तिथल्या तिथं पाजायला घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं दगडू. दगडाला कोण नेतंय? मला दूध कमी होतं हे खरं आहे. पण नव्हतंच, असं नाही.

असं पोर जावळाच्या वेळी सोडवून आणायचं असतं. आईनं पायलीभर ज्वारी त्या बाईच्या ओटीत ओतायची आणि भावकीसमोर म्हणायचं, 'तुमचे उपकार झाले, माझं पोर मला द्या.' एवढंच. सासूनं पायली भरून ठेवली, आणि मी गेले नाही. कारण तोवर थोरलीनं विहिरीवर, बाजारात, लग्नाकार्यात, जिथं चार बायका दिसतील तिथं सांगून ठेवलं होतं की हा माझ्या दुधावर जगला. पोटचं पोर मी विकत घ्यायचं आणि वर उपकार मानायचे? जावळ मामाच्या मांडीवर निघालं, ज्वारी तशीच कणगीत परत गेली. सासू पुढं वारली, आम्ही शहरात आलो, पोर माझ्याजवळच वाढलं. त्याच्या तापात मी जागले, त्याच्या शाळेच्या दारात मी उभी राहिले. मला वाटलं, सगळे विसरले.

थोरली विसरली नव्हती. कंपनीच्या बसमधून इंजिनिअर पोरगा उतरतो आणि ही वरच्या गॅलरीतून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी 'दगडू' म्हणून हाक मारते. आणि तो गाढव वर बघून 'काय गं मोठीआई' म्हणतो. रोज.

तर लग्न ठरलं, आणि देवकाला कोण बसणार हा विषयच निघाला नाही. देवकाला जोडपं लागतं, मी विधवा, तेव्हा थोरली आणि भावजी बसणार, हे हवेतूनच ठरून आलं. देवकाला बसते ती वरमाय. पायघड्या तिच्या पायाखाली, सूनमुख तिनं बघायचं, पंगतीत पहिलं ताट तिचं. मी म्हणजे पाहुण्यांना चहा मिळाला का ते बघणारी.

मी गुपचूप श्रीधर गुरुजींना गाठलं. क्रांती चौकात पत्रिका आणायला गेले होते, तिथून तशीच त्यांच्याकडं. ते म्हणाले, मालकांच्या जागी सुपारी ठेवून आईला बसता येतं, शास्त्राची आडकाठी नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांची नसली म्हणजे झालं. मग कित्येक महिन्यांनी मी जिना चढले. भावजींना म्हणाले, देवकाला मी बसते. भावजींनी बायकोकडं पाहिलं. आयुष्यभर त्यांनी एवढंच केलंय.

थोरली मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बस की. कोण नगं म्हणतंय? पण पोरगं अजून माझ्या वटीत हाय. आधी सोडवून ने."

मी विचारलं, एवढ्या वर्षांनी?

"पायली आन. चार माणसांत तोंड उघड. मग बस खुशाल."

खाली आले. कुणाला तरी शिव्या घालायच्या होत्या आणि घरात कुणी नव्हतं. फ्रिजवरची वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: आज वरच्या मजल्यावरून माझ्या पापडांवर पाणी सांडलं नाही, याबद्दल मी कृतज्ञ आहे. लिहून इतकं बरं वाटलं, की दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. कृतज्ञतेच्या वहीनं माझं मन शांत झालं ते असं.

रविवारी शिवकन्या आली. मी वाचलं. पापडांचं वाचलं, दुपारी वरून पाटा-वरवंटा वाजला नाही त्याचं वाचलं, आणि देवानं मला माणसं ओळखायची अक्कल दिली त्याबद्दल त्याचे आभार मानले. शिवकन्या म्हणाली, किती बारीक बारीक गोष्टी टिपल्यात आईंनी. मग थोरलीनं चष्मा लावला. ती चौथी शिकली आहे, बोट ठेवून वाचते. तिनं लिहिलं होतं, परवा जिन्यातला दिवा चालू राहिला, त्यामुळं मी पडले नाही, सरूचे आभार. अशीच एखाद्या बारी विसरत जावी. बद्रीला ठसका लागला. शिवकन्येनं टाळ्या वाजवल्या.

पुढचे रविवार असेच गेले. मला खोटं बोलायचं नाही, मी त्यांची वाट बघायला लागले. आठवडाभर मी शब्द जुळवायचे. थोरलीनं लिहिलं, दगडू काल वर जेवला, त्याला खालची भाजी जात नाही, पण देवानं त्याला बोलून न दाखवायचा गुण दिला. मी लिहिलं, कितीही तेलकट घातलं तरी माझ्या लेकाला पचतं, त्याची तब्येत आजोळावर गेली त्याचे आभार. तिनं माझ्या पुरणपोळीचे आभार मानले, दात अजून पक्के आहेत हे कळलं म्हणून. मी तिच्या गॅलरीतल्या तुळशीचे मानले, कारण तिला घातलेलं पाणी शेवटी माझ्या डोक्यावर पडतं आणि आंघोळीचं पुण्य लागतं. भावजी पेपरमागं दडायचे. शिवकन्या दर वेळी म्हणायची, बघा, तुम्ही दोघी बोलायला लागलात. पोरगी शिकलेली आहे, पण तिला आमच्याकडचं बोलणं कुठून कळणार?

लग्न तोंडावर आलं तेव्हा तिनं नवीनच काढलं. म्हणाली, आता अशा एका माणसाबद्दल लिहा, ज्याचे आभार मानायचे कायमचे राहून गेलेत. प्रत्येकाच्या आयुष्यात असं एक माणूस असतंच. आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, माझ्या आयुष्यात नाही. थोरली बशीतला चहा फुंकत राहिली.

शिवकन्येला सोडून आल्यावर बद्री स्वयंपाकघरात आला. ओट्याला टेकून म्हणाला, "आई, दोनच शब्द आहेत. बोलून टाक ना."

मी म्हटलं, तुझं काय जातंय सांगायला?

"माझं काहीच जात नाही. मोठीआई बसली देवकाला तरी मला काही वाटणार नाही. तुला वाटतंय म्हणून म्हणतोय."

काही वाटणार नाही. हे त्यानं अगदी सहज म्हटलं आणि डब्यातला लाडू घेऊन गेला. मी तिथंच ओट्याला धरून उभी राहिले. थोरली बसणार याचं मला दुःख होतं, पण ती बसली तरी याला चालणार आहे, हे मात्र माझ्या मनात कधीच आलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी तीन गोष्टी लिहिल्या नाहीत. एकच वाक्य लिहायचे. आवडाबाईंचे उपकार झाले. लिहायचे आणि पान फाडायचे. उपकार झाले होते का? पोर जगलं होतं. माझ्या मांडीवरची दोन गेली आणि तिच्या ओटीतलं जगलं, हे काही मी नाकारू शकत नव्हते. ती बोलून दाखवते म्हणून मी तिचा द्वेष करते असं मी सगळ्यांना सांगत आले. पण ती गप्प बसली असती तरी मी द्वेषच केला असता. ते खरं होतं म्हणूनच मला ते सहन होत नव्हतं.

ज्वारी आणायला मी स्वतः मोंढ्यावर गेले. दुकानदार किलो विचारत होता. पायली आता कुणाला माहीत? सासूची जुनी पायली आमच्याकडंच होती, तिच्यात मी मनीप्लांट लावला होता. तो उपटला, पायली चिंचेनं घासली, काठोकाठ भरली आणि वर हात फिरवून सपाट केली.

हर्सूलच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात देवकाची तयारी झाली. थोरली मोतिया रंगाच्या शालूत पाटावर बसली होती, शेजारी फेटा बांधलेले भावजी. फुलंब्रीची सगळी भावकी हजर. गुरुजींनी पळी उचलली आणि मी पायली घेऊन मध्ये जाऊन उभी राहिले. जुन्या बायकांना लगेच कळलं. त्यांनी नव्या सुनांना कोपरानं ढोसलं.

मी म्हणाले, "आवडाबाई, तुमचे उपकार झाले. माझं पोर मला द्या."

आवाज फुटेल असं वाटलं होतं. फुटला नाही. वाक्य इतकं पाठ झालं होतं.

थोरलीनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता ती काहीतरी लागेल असं बोलणार, मी तयारीत होते. तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला. मी ज्वारी ओतली. तिनं पदराची गाठ मारली, शेजारी मुंडावळ्या सावरत उभ्या असलेल्या बद्रीचा हात धरला आणि माझ्या हातात दिला. "ने," म्हणाली. मग भावजींना कोपरानं उठवलं आणि पाट रिकामा केला.

मी बसले. मालकांच्या जागी सुपारी बसली. पायघड्यांवरून मी चालले, जरा सावकाशच चालले. सूनमुख मी पाहिलं, आरशात शिवकन्येचा चेहरा आणि मागं माझा. पहिलं ताट मला वाढलं. पंगतीत मी मान वर करून सगळीकडं नजर फिरवली, ज्यांनी ज्यांनी ओटीची गोष्ट ऐकली होती त्यांच्याकडं खास. मला फार बरं वाटलं, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

थोरली भिंतीकडंच्या खुर्चीत बसली होती. पदरातली ज्वारी तिनं दिवसभर सोडली नाही, जेवतानासुद्धा डावा हात गाठीवर. निघताना बद्री तिच्या पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सुखी ऱ्हा, बद्रीनाथ."

मी पहिल्यांदाच तिच्या तोंडून ते नाव ऐकलं. बद्रीनंही. तो वाकलेला तसाच क्षणभर राहिला.

लग्नानंतरच्या रविवारी संध्याकाळी शिवकन्येनं चहा केला. आता ती घरचीच होती, पण रविवार तिनं सोडला नाही. मी आधी वाचलं. गुरुजींचे आभार, लग्नात नेसलेल्या पैठणीचे आभार आणि पंगतीत कुणी रुसलं नाही त्याचे आभार. जिंकलेल्या माणसाला लिहायला फार सुचत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग थोरलीनं चष्मा लावला. बोट ठेवून, एकेक अक्षर चाचपत तिनं वाचलं.

"सरूचे आभार. ती जावळाला पायली घेऊन आली असती, तर पोरगं दोन वर्साचं व्हायच्या आत माझ्या वटीतनं गेलं असतं. ती हट्टाला पेटली, म्हून मला एवढी वर्सं लेक व्हता. तिला ठावं नाय तिनं काय दिलं. दुसरं, तिसरं काय नाय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिवकन्येचे डोळे भरले. बद्री फरशीकडं बघत होता. मला थोरलीचा इतका राग आला, की तेवढा तर ती दगडू म्हणायची तेव्हासुद्धा आला नव्हता. एवढी वर्षं मी तिला आभार देत नाही म्हणून ताठ मानेनं मिरवत होते, आणि त्याच न देण्यानं तिला लेक मिळाला होता. आणि ज्या दिवशी मी उपकार मानले, त्याच दिवशी मी तो काढून घेतला होता. तेही वाजतगाजत.

शिवकन्या हळूच म्हणाली, आई, मोठीआईंना काहीतरी म्हणा ना.

मी म्हणाले, "माझं म्हणून झालंय. पायली भरून म्हटलंय."

"व्हय," थोरली म्हणाली. "मापात व्हतं. येक दाणा वर नव्हता."

तिनं वही मिटली, रेशमी दोरा आत सारला, आणि उठून जिन्याकडं गेली. बाहेर अंधारून आलं होतं. तिच्या चपला पायऱ्या चाचपत होत्या, एक पाय टेकायचा, मग दुसरा त्याच पायरीवर. मी उठले, जिन्यातल्या दिव्याच्या बटणापर्यंत गेले, आणि वर तिच्या दाराची कडी वाजेपर्यंत बटणावर बोट ठेवून, ते न दाबता, तिथंच उभी राहिले.